शिकागोला येताय? मुलीला आधी ही माणसं सांगा

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून शिकागोला येतोय, मुलगी अकरा वर्षांची आहे, ओबामा आणि मायकल जॉर्डन सोडून इथली कोणती माणसं तिला सांगावीत, असं तुम्ही विचारलंत. घरभाडं आणि शाळा सगळेच विचारतात. हा प्रश्न वाचून मनापासून बरं वाटलं.

सुरुवात फजलुर रहमान खान यांच्यापासून करा. १९२९ साली ढाक्यात जन्मलेला हा इंजिनिअर. १९७३ मध्ये बांधून झालेला सिअर्स टॉवर (आता विलिस, पण जुनी माणसं अजून सिअर्सच म्हणतात) त्यांच्या डोक्यातून उतरला. ११० मजले, ४४२ मीटर. एक स्ट्रॉ चटकन वाकते, पण नऊ स्ट्रॉ रबरबँडने एकत्र आवळल्या की वाकत नाहीत. तशा नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना जोडून हा टॉवर वाऱ्याला तोंड देतो. वर जायची घाई करू नका. आधी रस्त्यावर उभं राहून तिला नळ्या मोजायला लावा: दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि उरलेल्या दोनच माथ्यापर्यंत जातात. जॅक्सन आणि फ्रँकलिन रस्त्यांच्या कोपऱ्यावर खान यांच्या नावाची पाटी आहे, तीही दाखवा.

दुसऱ्या जेन ॲडम्स. १८८९ मध्ये त्यांनी हॉल्स्टेड रस्त्यावर हल हाउस हे मदतकेंद्र सुरू केलं, परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत. वस्तीतला कचरा उचलला जात नाही म्हणून त्या स्वतः वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे गाड्यांच्या मागे फिरल्या. १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं. नव्याने आलेल्या प्रत्येकाने या बाईंचं घर बघावं असं मला फार वाटतं. आता तिथे म्युझियम आहे.

विवेकानंद तुम्हाला ठाऊकच आहेत. १८९३ ची सर्वधर्म परिषद आजच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत भरली होती, पण ते बोलले तो तात्पुरता हॉल आता नाही. त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नागरकर ब्राह्मो समाजातर्फे बोलले होते. आपल्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही, तुम्ही घ्या.

हाइड पार्क भागात घर मिळालं तर खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं शिकागो विद्यापीठ पायी अंतरावर येईल. १९८३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नाहीतर घर ट्रेनच्या लाइनजवळ बघा, म्हणजे जानेवारीच्या थंडीतही मुलीला घेऊन बाहेर पडता येईल. ऑफिस कुठल्या भागात आहे ते कळवा, मग नेमकी लाइन सांगते.