जुन्या डेस्कटॉपवर ४के व्हिडिओ का अडखळतो?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. यूट्यूबवर १०८०पी व्हिडिओ नीट चालतो, पण ४के निवडताच चित्र अडखळते, आवाज मात्र अखंड येतो आणि पंखा घरघरू लागतो. रॅम ८ जीबीवरून १६ जीबी केली, तरी फरक पडला नाही. आता नवा संगणकच घ्यावा का?

उत्तर : तशी घाई करू नये. इंटरनेटचा वेग अपुरा असता, तर चित्र आणि आवाज दोन्ही थांबून पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले असते. आवाज अखंड आणि चित्र तुटक, यावरून संगणकाला फ्रेम, म्हणजे व्हिडिओतील एकेक चित्र, वेळेत उलगडता येत नाहीत असे दिसते, आणि त्यावर रॅम हा उपाय नव्हे.

१०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, ४केमध्ये सुमारे ८३ लाख. मात्र खरी अडचण कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीची आहे. यूट्यूब १०८०पीपर्यंतचे व्हिडिओ एच.२६४ या जुन्या कोडेकमध्येही देते आणि तो उलगडणारी खास यंत्रणा आपल्या प्रोसेसरमध्ये आहे. त्यावरच्या दर्जासाठी व्हीपी९ किंवा एव्ही१ वापरला जातो. व्हीपी९साठीची परिपूर्ण यंत्रणा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये सातव्या पिढीपासून आणि एव्ही१साठीची अकराव्या पिढीपासून आली. त्यामुळे आपल्याकडे सगळा भार प्रोसेसरच्या चार कोअरवर पडतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील, तर विचारायलाच नको.

खात्री करायची असल्यास चालू व्हिडिओवर उजवे क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडावे. तेथे कोडेकचे नाव आणि गळालेल्या फ्रेमची संख्या दिसते. सुरुवातीला दोन-चार फ्रेम गळणे क्षम्य आहे. आकडा सतत चढत असेल, तर निदान पक्के.

आता आधी मॉनिटर पाहावा. तो १०८०पीचा असेल, तर ४केच्या हट्टातून फारसे काही हाती लागत नाही. एच.२६४ची सक्ती करणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी) ब्राउझरमध्ये बसवून १०८०पीवर समाधान मानावे. पंखाही शांत होईल. मॉनिटर खरोखर ४के असेल, तर व्हीपी९ उलगडू शकणारे ग्राफिक्स कार्ड बसवणे हा माझ्या मते योग्य मार्ग आहे. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे छोटे कार्ड त्यासाठी पुरेसे असून त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही; त्याच मालिकेतले वाटणारे जीटी ७१० किंवा ७३० मात्र घेऊ नये, कारण त्यांत व्हीपी९ची सोयच नाही. जीटी १०३०ला एव्ही१ उलगडता येत नाही, परंतु एक्स्टेन्शनद्वारे एव्ही१ बंद केल्यास यूट्यूब सहसा व्हीपी९ पाठवते.

कार्ड बसवल्यावर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स अॅक्सेलरेशन, म्हणजे व्हिडिओ उलगडण्यासारखे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारी सोय, सुरू आहे ना, हे पाहावे. मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डालाच जोडावी: या पिढीच्या मदरबोर्डवरील एचडीएमआयमधून ४के चित्र सेकंदाला जेमतेम ३० वेळाच बदलते, तर कार्डावरील एचडीएमआय ६० पर्यंत जाते.