वाचकांचे प्रश्न : एन्झाइम थांबलं, पण कशामुळे?

प्रश्न : आमच्या एन्झाइमचा वेग निम्म्यावर आणायला एका संयुगाचे ५ मायक्रोमोलर पुरतात. पण तेच संयुग काहीही संबंध नसलेल्या दोन एन्झाइमांनाही तेवढंच रोखतं. याला खरा इनहिबिटर, म्हणजे एन्झाइमला नेमकं रोखणारं संयुग, म्हणावं का?

उत्तर : एवढ्यात नको. नात्यागोत्याची नसलेली एन्झाइमं एकाच संयुगाने अडली, की पहिला संशय गुठळ्यांवर घ्यायचा. पाण्यात नीट न विरघळणारे रेणू एकत्र येऊन कलिली कण बनवतात आणि एन्झाइम त्या कणांना चिकटून निकामी होतं. द्रावण डोळ्यांना स्वच्छच दिसतं, हीच खरी गोम. बफरमध्ये ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे गुठळ्या फोडणारं डिटर्जंट घालून तीच मात्रा पुन्हा तपासा. रोध गेला, तर संयुग बहुधा बाद. अर्थात, डिटर्जंट एन्झाइमलाच बाधत नाही ना, हे संयुगाशिवायच्या नळीत आधी पाहून घ्या. डीएमएसओचं (संयुग ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचं) प्रमाण सगळ्या नळ्यांत, संयुग नसलेल्या कोऱ्या नळीतही, एकच ठेवा.

आणखी एक खूण आहे. एन्झाइम दहापट वाढवा. साध्या, उलटता येणाऱ्या इनहिबिटरच्या रोधाचा टक्का फारसा हलत नाही, गुठळ्यांचा मात्र चांगलाच उतरतो. एन्झाइम वाढवलं की वाचनाचा काळही त्याच हिशेबाने कमी करा. दहा टक्क्यांहून जास्त सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) संपलं, तर तुम्ही मोजताय तो सुरुवातीचा वेग राहत नाही.

प्रश्न : पेपरात के-आय (इनहिबिटर एन्झाइमला किती घट्ट धरतो याचा स्थिरांक) २ मायक्रोमोलर दिलाय, आमचा आयसी-५० (वेग निम्म्यावर आणणारी मात्रा) मात्र ८ आला. चूक कुणाची?

उत्तर : बहुधा कुणाचीच नाही. आयसी-५० सब्स्ट्रेटच्या मात्रेवर हलतो. इनहिबिटर स्पर्धात्मक, म्हणजे सब्स्ट्रेटच्याच जागेसाठी झगडणारा असेल, तर चेंग आणि प्रुसॉफ यांचं १९७३चं सूत्र लावा: आयसी-५०ला (१ + सब्स्ट्रेट भागिले के-एम) याने भागायचं, की के-आय मिळतो; के-एम म्हणजे एन्झाइमचा वेग कमालच्या निम्मा असतो ती सब्स्ट्रेटची मात्रा. तुम्ही सब्स्ट्रेट के-एमच्या तिप्पट घेतलं असेल, तर ८ भागिले ४ म्हणजे बरोबर २. हे सूत्र डोळे झाकून कुठेही लावू नका. शुद्ध अस्पर्धात्मक (नॉन-कॉम्पिटिटिव्ह) रोधात आयसी-५० आणि के-आय सारखेच असतात. शिवाय आयसी-५० एन्झाइमच्या मात्रेच्या निम्म्याखाली जाऊच शकत नाही, त्यामुळे घट्ट बसणारे रेणू आहेत त्यापेक्षा दुबळे भासतात.

प्रश्न : नवा इनहिबिटर आखताना सुरुवात कुठून करावी?

उत्तर : एन्झाइमच्या खोबणीत काय आहे, तिथून. कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाच्या वेळी, ते ज्याला रोखतं त्या एसीई या एन्झाइममध्ये जस्त आहे हे हेरून, आधीच्या रेणूतल्या कार्बोक्झिल गटाच्या जागी जस्ताला घट्ट धरणारा थायोल (गंधक-हायड्रोजन) गट बसवला आणि ताकद सुमारे हजारपट वाढली.