ते दरमहा तीन डॉलर गावाच्या खिशातले नव्हते

तुमच्या न्यू जर्सीतल्या गावाच्या १८०७ च्या वहीत एका काळ्या बाळाच्या संगोपनाचे दरमहा तीन डॉलर दिसले, घेणारा आईचाच मालक, आणि तुम्ही लिहिलंय ‘गाव किती उदार!’ अशा नोंदींत मीही बराच अडकलो होतो, म्हणून लिहितो. मी हौशी आहे, इतिहासकार नाही. कायदा स्वतः वाचून खात्री करा.

न्यू जर्सीच्या १८०४ च्या कायद्याने त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आयांना झालेली मुलं कागदोपत्री मुक्त झाली, पण मुलगी २१ ची आणि मुलगा २५ चा होईपर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. नको असेल तर मालकाने वर्षभर सांभाळून मूल ‘ओव्हरसियर्स ऑफ द पुअर’कडे, म्हणजे गरिबांची सोय बघणाऱ्या गावच्या अधिकाऱ्यांकडे, सोडायचं. ते मूल पुन्हा त्याच घरी ठेवलं की राज्याच्या तिजोरीतून महिना तीन डॉलरपर्यंत भत्ता! न्यूयॉर्कने १७९९ मध्ये हेच साडेतीन डॉलरांत केलं आणि १८०४ मध्ये गुंडाळलं. माझ्या मते ही मालकांना दिलेली नुकसानभरपाईच, गरिबांच्या नावावर.

आता खरा मनस्ताप. आमच्याकडच्या एका कार्यालयात (नाव घेत नाही) ‘गुलामगिरीचे कागद’ म्हटलं की खिडकीवरून एकच उत्तर: इथे गुलामगिरी नव्हतीच. मग काउंटीकडे (म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयाकडे) पाठवणी, काउंटीकडून परत इथेच. पूर्ण उन्हाळा त्यात गेला. ओव्हरसियर्सच्या हिशेबांची वही त्याच इमारतीच्या तळघरात होती, रस्तेदुरुस्तीच्या हिशेबांच्या गठ्ठ्यात, पाठीवर फक्त ‘पुअर’. अजून आठवलं की डोकं तापतं. म्हणून अर्जात ‘गुलाम’ शब्दच घालू नका. ‘ओव्हरसियर्सचे हिशेब, १८०० ते १८२०’ एवढंच मागा.

म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी असतील तर वेगळं बघावं लागेल. १७९८ च्या कायद्याप्रमाणे २१ ते ४० वयाचा आणि धडधाकट असल्याचा दाखला दोन ओव्हरसियर आणि दोन जस्टिस (स्थानिक न्यायाधीश) यांनी दिला, तरच मुक्त केलेल्याच्या पोटापाण्यातून मालक सुटायचा. उद्या हा आपल्या गळ्यात पडू नये, एवढीच गावाची चिंता. त्यामुळे साठीच्या माणसाला गाव पैसे देताना दिसलं, तर आधी तो दाखला शोधा.

जाता जाता: मालकाला बाळाचा जन्म नऊ महिन्यांत काउंटी क्लार्ककडे नोंदवावा लागे. तिथे आईचं नाव बहुधा मिळेल. फोटो काढताना पानाचा क्रमांक चौकटीत येऊ द्या. आईचं नाव सापडलं तर इथे टाका, माझ्याकडच्या फोटोंत बघतो.