दुर्बिणीत गाठ दिसली, मग तुकडा का नाही काढला?

ताई,

तुमच्या २२ वर्षांच्या मुलाला दोनदा लालभडक लघवी झाली, दुखलं मात्र काहीच नाही. दुर्बिणीतून मूत्राशयात निळसर गाठ दिसली. डॉक्टर 'हिमॅन्जिओमा वाटतोय' म्हणाले आणि तुकडा न घेताच थांबले. ते काही लपवताहेत का, असं तुम्ही विचारता. मुलाला तुम्ही 'मूतखडा आहे' म्हणून सांगितलंय.

लपवत नाहीत, ताई. हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता, कर्करोग नव्हे. पण त्याला चिमटा लागला की भळाभळा रक्त येतं, आणि लाल झालेल्या पाण्यात दुर्बिणीतून काही दिसेनासं होतं. म्हणून आधी एमआरआय. गाठ भिंतीत किती खोल गेलीय, बाहेर ओटीपोटात पसरलीय का, हे त्यात कळतं. आत दिसतं ते कधी कधी नुसतं टोक असतं.

पुढचं सगळं त्या खोलीवर. लहान, वरवरची असेल तर लेझरने जाळतात. खोल असेल तर मूत्राशयाचा तेवढा भाग कापून काढतात. लेझरला एक खोट आहे: गाठ जळते, तपासायला काही उरत नाही. त्यामुळे नंतर पुन्हा दुर्बीण घालून पाहावं लागतं; कधी, ते आधीच विचारून ठेवा. एमआरआयनंतरही शंका उरली तर तुकडा घ्यावाच लागेल, पण थिएटरमध्ये, रक्ताची सोय करून.

मुलाच्या पायावर जन्मापासून लाल-जांभळा डाग आहे का? फुगलेल्या शिरा, एक पाय जाड किंवा लांब? असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा. क्लिपेल-ट्रेनोने नावाच्या आजारात अशा गाठी आतही सापडतात.

खड्याच्या थापेत मात्र मी तुमच्या बाजूने नाही. खडा समजून तो कुणाचा तरी काढा पीत बसेल, डोकं दुखलं म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेईल, आणि त्यांनी रक्तस्राव वाढतो. रक्ताच्या गुठळ्या अडकून लघवी बंद झाली, तर कळ सोसत घरी थांबायचं नाही. लगेच इस्पितळ गाठायचं, तिथे नळी घालून मूत्राशय धुतात. चक्कर, धाप, सतत गडद लाल लघवी, तरीही तेच. हे त्याला ठाऊक नको? सज्ञान मुलगा आहे, सहीसुद्धा त्याचीच लागणार.

आज रात्रीच सांगा. हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि पुढच्या भेटीत फाइल त्याच्या हातात देऊन प्रश्न त्यालाच विचारू द्या.