सोव्हिएत कपड्यांचे कारखाने उद्दिष्ट पूर्ण करायचे, तरी दुकानांत माल पडून का राहायचा?

कारण मोजलं जायचं ते किती माल तयार झाला हे. तो खपला की नाही, याच्याशी कारखान्याला फारसं देणंघेणं नसायचं. योजनेतला आकडा गाठला की बोनस. त्यात कापड, धागा वेळेवर येत नसे. मग महिन्याच्या सुरुवातीला यंत्रं थंड आणि शेवटच्या दहा दिवसांत रात्रंदिवस शिलाई. अशा घाईत शिवलेल्या कोटाची बाही वाकडी बसणार, बटणं सैल राहणारच. यात कामगारांचा दोष नव्हता, असं माझं ठाम मत आहे. १९६४ मध्ये मॉस्कोच्या ‘बोल्शेविच्का’ आणि गॉर्कीच्या ‘मायाक’ या कारखान्यांना थेट दुकानांच्या मागणीप्रमाणे शिवायची मुभा दिली गेली. पुढच्याच वर्षी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या आर्थिक सुधारणांत एकूण उत्पादनाऐवजी विक्री आणि नफ्यावर भर आला.