कोकणातलं घर नाताळच्या सुट्टीत विकायला काढावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यात समुद्रापासून पाच-सात मिनिटांवर आजोबांचं कौलारू घर, मागे थोडी वाडी. तुम्ही भावंडं मुंबई-पुण्याला. नाताळात गावात पाहुण्यांची गर्दी असते, तेव्हाच गिऱ्हाईक गाठून विकून टाकावं, की मे महिन्यापर्यंत थांबावं?

सुट्टीत दाखवा. विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, मात्र सुट्टीत घेऊ नका. आमचं घर याच तालुक्यातलं, आणि ते आम्हाला दोनदा विकायला काढावं लागलं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय.

पहिल्यांदा काढलं डिसेंबर २०२१ मध्ये. निसर्ग वादळात, म्हणजे ३ जून २०२० ला, आमची अर्धी कौलं उडाली होती आणि माडही पडले होते. डागडुजीत दीड वर्ष गेलं. दादाचं म्हणणं, आता खर्च केलाच आहे तर नाताळच्या गर्दीत घर जाईल. आणि गर्दी खरंच आली. त्या आठवड्यात रोज दोन-तीन गाड्या दाराशी. झोपाळ्यावर बसून फोटो काढायचे, विहिरीत डोकावायचे, 'वा, काय शांतता आहे' म्हणायचे आणि हर्णैला मासे खायला निघून जायचे. इथे आठ दिवस राहणाऱ्या प्रत्येकाला इथे घर असावं असं वाटतंच. ते खोटं नसतं, पण परतताना ताम्हिणी किंवा कशेडी घाट ओलांडला की बहुतेकांचं ते विरतं. तेव्हा गर्दी बघून किंमत वाढवू नका आणि २ जानेवारीला शुकशुकाट झाला म्हणून उतरवूही नका.

आमच्याकडे एकाने मात्र मनावर घेतलं. ३ जानेवारीला पौष लागत होता, पौषात व्यवहार नको, म्हणून ३० डिसेंबरला घाईघाईने विसार घेतला. महिन्याभराने त्यांच्या वकिलांनी कागद मागितले, तेव्हा कळलं की सातबाऱ्यावर अजून आजोबाच आहेत, आणि वारसांत बाबांबरोबर आत्याही आहे. आम्हाला कुणालाच ते सुचलं नव्हतं. आत्या बडोद्याला, ऐंशी वर्षांची. मी फोन केला, तर ती एवढंच म्हणाली, "मला पैसे नकोत गं. पण माझ्या माहेरचं घर विकताय ते मला परक्या माणसाकडून कळलं." विसार परत करावा लागला. त्या फोनचं मला आजही वाईट वाटतं, आणि तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय ते त्यासाठीच.

म्हणून पहिलं काम घराचं नाही, माणसांचं. आजोबांच्या सगळ्या मुलामुलींची आणि त्यांच्या वारसांची यादी करा. मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलाच्या बरोबरीचा झालाय, आणि आजोबांच्या स्वतःच्या मिळकतीत तर तो १९५६ पासून आहे. ज्यांना हिस्सा नको त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, साध्या कागदावरची सही चालत नाही. बाकीच्यांनी विकणारे म्हणून सही करायची. वारस नोंदीला अर्ज केला की तलाठ्याकडून नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सगळे राजी असले तरी यात दोन-तीन महिने सहज जातात. गणपतीत सगळे चाकरमानी एका छपराखाली असतात, तेव्हाच विषय काढा. यंदाचे गणपती होऊन गेले असतील तर नाताळची सुट्टी याच कामाला वापरा आणि घर पुढच्या वर्षी काढा. वर्ष फुकट जात नाही.

दुसरं, घर आणि वाडी कागदावर वेगळी आहेत का ते बघा. घर गावठाणात असेल, ग्रामपंचायतीच्या असेसमेंटला (घरपट्टीच्या नोंदीला) लागलेलं असेल, तर ते कुणीही घेऊ शकतं. मागची वाडी सातबाऱ्यावर शेतजमीन असेल, तर ती शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय विकता येत नाही. नाताळात येणारं निम्मं गिऱ्हाईक इथेच गळतं, आणि गळू द्या. पण हे पहिल्या फोनवरच विचारून घ्या. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव किंवा कूळकायद्याच्या कलम ४३ चा (विक्रीवर बंधन असल्याचा) शेरा असेल, तर आधी वकिलाकडे जा, मग जाहिरात.

तुम्ही समुद्राच्या इतके जवळ आहात की गिऱ्हाईक सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, विषय काढणारच. ग्रामीण भागासाठी २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्ती असेल तर २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. तुमचं घर कुठे पडतं ते किनारा आराखड्याच्या नकाशावर पाहून ठेवा. 'पाडून बंगला बांधता येईल' असं एजंट परस्पर सांगतात. त्यांना तसं सांगू देऊ नका.

आता घर दाखवण्याबद्दल, कारण डिसेंबरचा खरा फायदा तिथेच आहे. दिवाळीनंतर खळं, म्हणजे पुढचं अंगण, चोपून, सारवून झालेलं असतं. विहिरीला पाणी असतं, गवत अजून पुरतं वाळलेलं नसतं, आंब्याच्या एखाद्या कलमावर मोहोर दिसायला लागतो. संध्याकाळी पडवीत बसलं की शाल घ्यावीशी वाटते. मे महिन्यात तेच घर तापलेलं, गिऱ्हाईक घामाघूम, आणि विहिरीचा तळ दिसत असतो. त्यामुळे फोटो डिसेंबरातलेच काढा.

पण पाऊस लपवू नका. दुसऱ्या खेपेला, २०२२ च्या डिसेंबरात, दादाला मागच्या खोलीला रंग द्यायचा होता. तिथे जांभ्याच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर ओलीची पिवळी रेघ होती, हात फिरवला की पांढरी भुकटी बोटांना लागायची. मी रंग लावू दिला नाही. २७ तारखेला पुण्याचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि तिची आई. आई सरळ त्या खोलीत गेल्या, भिंतीला तळवा लावून उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "पावसात ही रेघ कुठवर चढते?" मी माझ्या खांद्याला हात लावून दाखवलं. मग आणखी विचारलं तेही सांगितलं: जुलैत पऱ्याला (ओढ्याला) लोंढा आला की दोन-तीनदा तरी गाडी पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, खालीच ठेवावी लागते. वादळानंतर मागच्या पडवीला कौलं मिळाली नाहीत म्हणून पत्रे आहेत. विहीर मेअखेर तळाला जाते, पण आटलेली मी कधी पाहिली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. वाटलं, गेलं हेही गिऱ्हाईक.

जानेवारीच्या मध्यावर त्यांचा फोन आला. म्हणाल्या, सुट्टीत सहा घरं बघितली, पाचांना ओल येतच नाही म्हणे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या जिल्ह्यात!

तेव्हाही पौष चालू होता. यावेळी घाई केली नाही. पौष कधी डिसेंबरातच लागतो, कधी जानेवारीत, तेव्हा पंचांग बघूनच सुट्टीचा बेत आखा. तुम्ही मानत नसलात तरी समोरचा मानत असेल. माघी गणपतीला, २५ जानेवारीला, विसार घेतला. रीतसर विसारपावती केली, रक्कम बँकेतून. 'थोडे रोख, थोडे चेकने' अशी मागणी आली तर स्वच्छ नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. खरेदीखत २४ मार्चला झालं. रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी किमतीचा, नवा दर लागू होतो तो १ एप्रिलपासून, म्हणून मार्चात घेणाराही ढकलत नाही. डिसेंबरात दाखवणं, माघात विसार, मार्चात खरेदीखत, हे गणित कोकणात छान जुळतं. फक्त दुय्यम निबंधकांकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फार गर्दी होते, तेव्हा वेळ आधी घ्या. आणि शनिवार-रविवार धरून तिकीट काढू नका, सरकारी कचेऱ्यांचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा आहे.

कराबाबत एकच: घर २००१ च्या आधीचं असल्याने १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या. आता विक्रीच्या नफ्यावर १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यात जे कमी पडेल ते तुम्हाला लागू होतं. प्रत्येक भावंडाचा हिशेब त्याच्या हिश्श्यापुरता.

आणि एक गोष्ट कुठल्याही कागदावर नसते. शिमग्याला आमच्या ओटीवर ग्रामदेवतेची पालखी यायची. तुमच्याकडेही येत असेल, तर घेणाऱ्याला विसाराच्या आधी सांगा आणि गावकऱ्यांनाही विचारा. २०२३ चा शिमगा खरेदीखताच्या आधी आला. आम्ही पुण्याच्या त्या तिघांना बोलावून घेतलं. आत्याही बडोद्याहून आली होती, सहीसाठी तिथेच थांबणार होती. पालखी ओटीवर टेकली, तेव्हा तिने आधी स्वतः देवीची ओटी भरली, मग ताटातला दुसरा नारळ उचलून त्या आईंच्या हातात दिला आणि त्यांना पुढे केलं.