अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयात तोंडी युक्तिवादाची मागणी कशी करावी?

आपला प्रश्न असा आहे, की अपील दाखल झाले आहे, पहिले ब्रीफ (न्यायालयात द्यायचा लेखी युक्तिवाद) तयार होत आहे, तर तोंडी युक्तिवादाच्या तारखेसाठी अर्ज केव्हा करावा. मी अपिलांचेच काम करतो. न्यायमूर्तींसमोर प्रकरण ‘मेन्शन’ करून तारीख मागण्याची भारतातली सवय येथे उपयोगाची नाही, कारण तारीख मिळण्याआधी सुनावणी मिळणार का, हेच ठरायचे असते.

फेडरल अपील प्रक्रियेच्या नियमांतील नियम 34 प्रमाणे सुनावणी द्यावी असेच आहे. मात्र तीन न्यायाधीशांनी ब्रीफ आणि रेकॉर्ड (खालच्या न्यायालयातील कागदपत्रे) तपासून ती अनावश्यक असल्याचे एकमताने ठरवले, तर निकाल कागदपत्रांवरच होतो. अपील अगदीच बिनबुडाचे असणे किंवा निर्णायक मुद्दा आधीच्या अधिकृत निवाड्याने मिटलेला असणे, ही दोन कारणे सरळ आहेत. खरी अडचण तिसऱ्याची: सारे काही कागदावर पुरेसे आलेले आहे आणि तोंडी युक्तिवादाने निर्णयाला फारशी मदत होणार नाही. आपली मागणी याच कारणाला उत्तर देणारी हवी.

ती कोठे करायची, हे सर्किटनुसार, म्हणजे फेडरल अपील न्यायालयांच्या विभागांनुसार, बदलते. न्यू ऑर्लिन्सच्या पाचव्या सर्किटमध्ये ब्रीफच्या सुरुवातीलाच तसे निवेदन द्यावे लागते, तर न्यूयॉर्कच्या दुसऱ्या सर्किटमध्ये त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. म्हणून आपल्या सर्किटचे स्थानिक नियम ब्रीफ दाखल करण्यापूर्वीच वाचावेत. निवेदनात ‘प्रकरण अत्यंत महत्त्वाचे आहे’ असे लिहून काहीही साधत नाही. सगळेच तसे लिहितात. त्याऐवजी ‘या कलमाचा अर्थ या सर्किटने अद्याप ठरवलेला नाही आणि खालच्या न्यायालयांचे निकाल परस्परविरोधी आहेत’, असे नेमके वाक्य असावे. रेकॉर्ड गुंतागुंतीचे असेल, तर कोणत्या घटनाक्रमाबद्दल न्यायाधीशांना प्रश्न पडू शकतात, तेही सांगावे.

सुनावणी ठरली, की क्लार्कचे कार्यालय तारीख, वेळ, ठिकाण आणि प्रत्येक बाजूला मिळणारा अवधी कळवते. हा अवधी बहुधा 10 ते 20 मिनिटांचा असतो, आणि त्यातलाच काही भाग अपीलकर्त्याने प्रत्युत्तरासाठी राखून ठेवायचा असतो. अडचणीच्या तारखा न्यायालयाने विचारताच कळवाव्यात. तारीख लागल्यानंतर ती पुढे ढकलायची किंवा अवधी वाढवून घ्यायचा, तर पुरेसे आधी रीतसर अर्ज करावा लागतो, आणि त्यात दुसऱ्या न्यायालयात आधीच लागलेल्या खटल्यासारखे ठोस कारण लागते. सहलीचे विमान हे कारण नव्हे. अपीलकर्ता गैरहजर राहिल्यास न्यायालय केवळ प्रतिपक्षाचे ऐकून घेऊ शकते.

दोन्ही पक्षांनी मिळून सुनावणी नको असे ठरवले, तरी न्यायालय युक्तिवाद करण्यास सांगू शकते. तेव्हा प्रतिपक्षाशी तसे बोलणे झाले असले, तरी न्यायालयाचा आदेश हाती येईपर्यंत ती तारीख मोकळीच ठेवावी.